सत्तावीस गुंठे

निपाणीहून पोतं बसच्या टपावरून आलं.
कंडक्टरनं लगेज फाडता फाडता विचारलं,
‘एन ऐत्रि इदराग?’
काड्या, म्हटलं. तंबाखूच्या.
पान वखारीत गेल्यावर रानात उभी राहतात ना, ती खुंटं.
त्यानं असं बघितलं,
जणू मी पोत्यात वारा भरून चाललेय.

उद्यमबागेमागच्या आमच्या कॉलेजात
नळीभट्टी एकच, तिलाही पाळी लावावी लागते.
मला रात्रीची मिळाली.
काड्या धुतल्या, वाळवल्या, कुटल्या,
नायट्रोजनखाली आधी नुसत्या करपवल्या,
मग चौपट पोटॅश घालून आठशे अंशांवर.
आठशेला पोटॅश कोळशाला खातो.
खातो म्हणजे वाळवीसारखा, आतून;
बाहेरून दाणा तसाच दिसतो.
सकाळी आम्लानं धुवायचं, मग पाण्यानं,
पुन्हा पाण्यानं,
लाल लिटमस लालच राहीपर्यंत.
आईच्या बोटांना तंबाखूचा पिवळा डाग, माझ्या बोटांना काळा.
रविवारी घरी साबणाची वडी एकच,
ती दोघींनाही पुरी पडत नाही.

हिरेमठ सर त्याला तूतु म्हणतात,
मी भोक म्हणते,
अहवालात आम्ही दोघं रंध्र लिहितो.
तो शब्द इकडं तिकडं दोन्हीकडं चालतो.

धारवाडहून मोजणी आली.
एका ग्रॅमला दोन हजार सातशे चौरस मीटर.
मी कागदाच्या कडेला गुंठे काढून बघितले: सत्तावीस.
चिमूटभर काळी पूड,
तिच्या आतल्या भिंती उलगडून अंथरल्या तर
सत्तावीस गुंठे.
आमच्या नावावर, आज्यापासून, शून्य.

पण सेल भरेना.
सावकाश दिलं तर थोडं घ्यायचा,
जरा घाई केली की आलेखाची चौकट
टेंभुर्णीच्या पानागत मिटून जायची.
सर म्हणाले, अजून पोखरू.
पोखरलं.
भिंतीच बसल्या, भांड्याच्या तळाशी
फुंकरीनं उडेल एवढंच काहीतरी उरलं.

आई सुपावर वाकून विड्या वळत होती.
‘सत्तावीस गुंठं?’ हात न थांबवता म्हणाली,
‘आनि आत जायाला वाट?’
मग कोगनोळीच्या तिच्या मामाचं रान निघालं,
चारी बाजूंनी लोकाचं.
‘माती हाय, हिरीला पानी हाय,
बैल न्यायाला बांध न्हाई.
पडून हाय बघ ते, माझ्या लग्नाच्या आदीपास्नं.’

मी दोरा ओवत राहिले.
आयन काही उघडा येत नाही,
अंगावर पाण्याचं पांघरूण घेऊन येतो,
आणि आम्ही त्याच्यासाठी
नुसत्या खोल्या खोदल्या होत्या. बोळ नाही, ओसरी नाही.

मंगळवारी पोटॅश निम्मं केलं
आणि काड्यांच्या भुकटीत चुनखडी मिसळली, अगदी वस्त्रगाळ.
भट्टीत ती आपली जागा धरून बसते,
आम्लात विरघळून निघून जाते,
मागं ठेवते रुंद वाट.
तंबाखूला चुना लागतो
हे निपाणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.
मला कळायला दोन वर्षं लागली आणि एक शिष्यवृत्ती.

नवी मोजणी: एकोणीस.
आठ गुंठे वाटेत गेले.
सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला,
कमी झालं की गं, म्हणाले.
मी काही न बोलता पडद्यावरचा आलेख दाखवला.
घाई केली तरी चौकट उभी होती,
कोपऱ्यांत जराशी गोल, पण उभी.

रुपयाएवढे तीन सेल रुमालात बांधून घरी नेले.
संध्याकाळी लाईट गेली होती.
बॅटरीच्या दोन सेलांवर ते भरून घेतले
आणि तांबडा बारीक दिवा जोडला.
सुपाची कड दिसली, कात्री दिसली, आईचा अंगठा.
तेवढ्या उजेडात तिच्या दोन विड्या झाल्या.
तिसरीला दोरा गुंडाळताना दिवा मंद होत गेला, विझला.

‘एवढंच व्हय?’
दहा हजार वेळा, म्हटलं. झीज नाही.
‘परत भरायला?’
बारा सेकंद.
अंधारात तिनं ती तिसरी विडी चाचपून पुरी केली,
बाजूला ठेवली.
‘मग भर की.’